पुराव्यांच्या उतरंडीविरुद्ध

समाजाविषयीच्या ज्ञानात प्रयोगाला सर्वोच्च स्थान द्यावे आणि प्रयोगाने सिद्ध न झालेले विधान फार तर अनुमान मानावे, हा आग्रह गेल्या पंचवीस वर्षांत विकासाच्या अर्थशास्त्रातून निघून शिक्षण, आरोग्य आणि प्रशासन यांच्या धोरणचर्चेत चांगलाच रुजला आहे. २०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्याला प्रतिष्ठाही लाभली. या आग्रहामागे पुराव्यांची एक उतरंड गृहीत धरलेली असते: माथ्यावर यादृच्छिक नियंत्रित चाचणी, तिच्याखाली सांख्यिकीय तुलना, त्याखाली पाहण्या, आणि अगदी तळाशी इतिहास, एखाद्या गावाचा दीर्घ अभ्यास, मुलाखती व सैद्धांतिक विवेचन. चाचणी हे उपयुक्त साधन आहे याविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो या उतरंडीशी. सामाजिक शास्त्रांपुढे असलेल्या अनेक प्रश्नांपैकी एकच प्रश्न निवडून ती रचलेली आहे, आणि त्या एका प्रश्नाचे उत्तरसुद्धा तळाला ढकललेल्या ज्ञानाचा टेकू घेतल्याशिवाय उभे राहत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रतिपक्षाची बाजू आधी तिच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य ठरेल. यादृच्छिक वाटणी म्हणजे निवडीत कोणाचाही हात न राहता, चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी. गावे, शाळा किंवा कुटुंबे अशा रीतीने दोन गटांत वाटायची, एका गटाला योजना द्यायची, दुसऱ्याला द्यायची नाही, आणि काही काळाने दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक मोजायचा, ही चाचणीची रीत. तिने टळणारा दोष खरोखरच मोठा असतो. बचत गटात आपणहून सामील होणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक उद्यमी असू शकतात, त्यामुळे त्यांची पुढची प्रगती गटाने घडवली की त्यांच्या अंगच्या धडाडीने, हे सभासद आणि बिगरसभासद यांच्या साध्या तुलनेवरून सांगता येत नाही; या दोषाला निवडदोष म्हणतात, आणि चिठ्ठीने केलेली वाटणी तो मुळातच दूर करते.

या रीतीने काही बलाढ्य समजुतींना धक्का दिला, हेही मान्य केले पाहिजे. सूक्ष्मकर्जाने गरिबी हटते असा गाजावाजा जगभर चालू असताना हैदराबादमधील १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या चिठ्ठीने निवडून तेथे एका कर्जसंस्थेच्या शाखा उघडल्या गेल्या, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की काही लहान व्यवसायांत गुंतवणूक वाढली असली तरी कुटुंबांचा सरासरी उपभोग, स्त्रियांचे कुटुंबातील स्थान आणि मुलांचे शिक्षण यांत लक्षणीय बदल झालेला नव्हता. उदयपूर जिल्ह्यातील १३४ गावांत झालेल्या लसीकरणाच्या चाचणीने दुसरी गोष्ट दाखवली: कोणताही विशेष उपक्रम नसलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण ६ टक्के होते, खात्रीने भरणाऱ्या शिबिरांमुळे ते १८ टक्क्यांवर गेले, आणि शिबिराला दर खेपेस किलोभर डाळीची जोड देताच ३९ टक्क्यांवर पोहोचले. लस न टोचून घेण्यामागे लोकांचा लसीवरचा अविश्वासच असतो, या सोयीस्कर समजुतीला या आकड्यांनी चांगले उत्तर दिले.

मर्यादा सुरू होते ती यापुढे. चाचणी जे सिद्ध करते ते नेमके असे: अमुक ठिकाणी, अमुक काळी, अमुक लोकांनी राबवलेल्या अमुक उपायाने सरासरी इतका फरक पडला. तोच उपाय दुसरीकडे, दुसऱ्या हातांनी राबवल्यास काय होईल, या प्रश्नाला बाह्य वैधतेचा प्रश्न म्हणतात, आणि त्याचे उत्तर चाचणीच्या पोटात नसते. धोरणाला तर नेहमी याच प्रश्नाचे उत्तर हवे असते, कारण धोरण हे नेहमी पुढच्या काळासाठी आणि दुसऱ्या जागेसाठी आखले जाते.

उदयपूर जिल्ह्यातच झालेले दोन प्रयोग शेजारी ठेवले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. सेवा मंदिर ही संस्था तेथे एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवत असे. शिक्षकांच्या गैरहजेरीवर उपाय म्हणून त्यांना तारीख-वेळ उमटवणारा, छेडछाड न करता येण्याजोगा कॅमेरा देण्यात आला. शाळा भरताना आणि सुटताना एखाद्या विद्यार्थ्याने मुलांसह शिक्षकाचे छायाचित्र काढायचे, आणि पगार त्या छायाचित्रांतून सिद्ध होणाऱ्या दिवसांवर ठरवायचा, अशी योजना होती. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली, म्हणजे निम्म्याने घटली. त्याच संस्थेने पुढे जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाच्या सहकार्याने सरकारी उपकेंद्रांतील परिचारिकांसाठी जवळपास तोच उपाय योजला: ठरलेल्या दिवशी यंत्रावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवायचा, आणि शिक्के कमी भरल्यास पगार कापायचा. आरंभीचे काही महिने हजेरी वाढली, परंतु सोळा महिन्यांनंतर देखरेखीखालील उपकेंद्रे आणि इतर उपकेंद्रे यांच्यात फरक उरला नाही. पगार कापण्याचा नियम रद्द झाला नव्हता. झाले ते असे की गैरहजर दिवस 'सूट दिलेले दिवस' म्हणून नोंदले जाऊ लागले आणि अशा दिवसांची संख्या वाढत गेली, कारण बैठक, प्रशिक्षण किंवा अन्य काम या नावाखाली सूट देण्याचा अधिकार स्थानिक आरोग्य प्रशासनाच्या हाती होता, आणि त्या प्रशासनाला परिचारिकांशी वितुष्ट घेण्यात काहीच लाभ नव्हता.

जिल्हा एक, संस्था एक, उपायाची जातकुळी एक, आणि निकाल परस्परविरुद्ध. आता या दोहोंपैकी कोणता निकाल महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांना लागू पडेल? केवळ आकड्यांवरून याचे उत्तर देता येत नाही. ते द्यायचे तर रजा कोण मंजूर करतो, बदली कोणाच्या शब्दावर होते, कर्मचाऱ्यांची संघटना किती बळकट आहे, गावातील लोक दवाखाना बंद असल्याची तक्रार कोणाकडे नेतात आणि ती नेण्यात त्यांना स्वारस्य तरी उरले आहे का, हे माहीत असावे लागते. हे ज्ञान प्रशासनाच्या इतिहासातून, कार्यालयातील व्यवहाराच्या निरीक्षणातून आणि सत्तासंबंधांविषयीच्या सिद्धांतातून येते, म्हणजे उतरंडीत ज्यांना तळाची जागा दिली त्याच अभ्यासपद्धतींतून. परिचारिकांच्या प्रयोगाचे संशोधकही सरासरीतील फरक सांगून थांबले नाहीत. हजेरीच्या नोंदींत शिरून सूट देण्याची युक्ती त्यांनी उघडकीस आणली, म्हणूनच तो अभ्यास मोलाचा ठरला. चाचणीने अपयश मोजले, पण त्याचा अर्थ लावला तो कार्यालयाच्या वाचनाने.

मुंबईत उगम असलेल्या एका उपक्रमाची कथा याहून बोधप्रद आहे. प्रथम या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिकेच्या शाळांत बालसखी उपक्रम चालवला, ज्यात त्याच वस्तीतील एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन रोज सुमारे दोन तास वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या मुलांच्या शाळांतील गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढलेले आढळले. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरले आहेत याचे माप, आणि शिक्षणातील उपायांच्या बाबतीत इतकी वाढ लक्षणीय समजली जाते. उतरंडीच्या न्यायाने येथे प्रश्न मिटायला हवा होता: उपाय सिद्ध झाला, आता तो सर्वत्र राबवावा. प्रत्यक्षात हीच पद्धत बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांच्या हाती प्रशिक्षण आणि साहित्यासह दिली गेली तेव्हा नेहमीच्या शालेय वर्षात तिचा प्रभाव जवळजवळ दिसेना. मात्र बिहारमध्ये त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत ती वापरली तेव्हा मुले शिकली. याचा अर्थ शिक्षकांना शिकवता येत नव्हते असा नसून, शाळा चालू असताना त्यांच्यावर पाठ्यपुस्तक संपवण्याची जी सक्ती असते तिच्यापुढे मुलांच्या पातळीवरून शिकवण्याची पद्धत मागे सारली जात होती. पुढे हरियाणात या पद्धतीसाठी शाळेच्या वेळापत्रकात स्वतंत्र तास राखून ठेवला आणि देखरेख करणाऱ्यांनाही तिचे प्रशिक्षण दिले, तेव्हा ती सरकारी शाळांत यशस्वी झाली.

या प्रवासाचे श्रेय चाचण्यांच्या मालिकेला दिले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु एका चाचणीकडून दुसरीकडे जाण्याची प्रत्येक पायरी कशाने सुचली, हा प्रश्न त्या कौतुकात विसरला जातो. नुसता शून्याजवळचा आकडा हाती पडला असता तर पद्धत निकामी ठरवून सोडून देणे हा तर्कशुद्ध निर्णय झाला असता. तसे झाले नाही, याचे कारण शाळा नावाची संस्था आतून कशी चालते, अधिकारी शिक्षकाला कशाचा जाब विचारतात आणि कशाचा विचारत नाहीत, याची जाण त्या संशोधकांना आणि कार्यकर्त्यांना होती. ही जाण चाचणीच्या आधीची होती, आणि तिच्यावाचून पुढची चाचणी आखताच आली नसती.

तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट यांनी याच मुद्द्याला नेमकेपणा आणणारे एक उदाहरण पुढे ठेवले आहे. तामिळनाडूत १९८० पासून राबवलेला एकात्मिक पोषण प्रकल्प यशस्वी मानला गेला. मातांना मुलांच्या आहाराविषयी मार्गदर्शन आणि गरजू मुलांना पूरक आहार हा त्याचा गाभा होता. तोच आराखडा बांगलादेशात नेला तेव्हा अपेक्षित परिणाम झाला नाही, कारण तेथील अनेक घरांत बाजारहाट पुरुष करत आणि एकत्र कुटुंबात कोणाच्या ताटात काय पडायचे ते सासू ठरवी. ज्या आईला शिकवले तिच्या हाती ना पिशवी होती ना पळी. 'आईला शिकवले की मूल सुधारते' हे विधान आणि 'घरातील अन्नावर जिची सत्ता आहे तिला शिकवले की मूल सुधारते' हे विधान तामिळनाडूत सारखेच खरे ठरले असते, आणि तेथील आकड्यांना या दोहोंत भेद करता आला नसता. हा भेद ज्याला आधीच दिसतो तो नातेसंबंधांचा आणि घरातील श्रमविभागणीचा अभ्यासक असतो. त्याच्या शास्त्राला पुराव्याच्या तळाशी बसवणे म्हणजे धोरणाला मुद्दाम आंधळे करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. चाचणी समाजाला परस्परांपासून विलग अशा घटकांत विभागते आणि एका घटकावरील उपायाचा परिणाम दुसऱ्या घटकावर होत नाही असे गृहीत धरते. परंतु समाज म्हणजेच अशा परिणामांची देवाणघेवाण. सूक्ष्मकर्जाचेच पाहता येईल. वसुलीच्या जाचाविषयी आणि कर्जदारांच्या आत्महत्यांविषयी ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढला, परतफेड कोलमडली, आणि त्या राज्यात पैसा अडकलेल्या कर्जसंस्थांना देशाच्या इतर भागांतही कर्जवाटप आखडते घ्यावे लागले. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांनी या धक्क्याचा जिल्हावार अभ्यास करून दाखवले की जेथे कर्ज अधिक आटले तेथे ग्रामीण मजुरीचे दर घसरले. ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही अशा मजुराच्या रोजंदारीवरही कर्जाचा परिणाम होत होता, कारण शेजाऱ्याच्या लहान व्यवसायामुळे मजुरांना मागणी टिकून राहत होती. अर्थशास्त्रात याला समतोल परिणाम म्हणतात, म्हणजे सर्व व्यवहार एकमेकांशी जुळते होत असताना संपूर्ण व्यवस्थेत पसरणारा परिणाम. वस्त्यांची आपसांत तुलना करणाऱ्या चाचणीची रचनाच अशी असते की दोन्ही बाजूंना सारखाच पोहोचणारा परिणाम वजाबाकीत नाहीसा होतो. येथे दोष संशोधकांच्या कौशल्याचा नसून साधनाच्या आवाक्याचा आहे.

सामाजिक परिवर्तनाचा विचार करू लागताच हा आवाका आणखी अपुरा वाटू लागतो. जातिव्यवस्था कशी निर्माण झाली आणि कशाने टिकली, या प्रश्नासाठी कोणी चिठ्ठ्या टाकू शकत नाही. तरीही त्याचे उत्तर शास्त्रीय शिस्तीने शोधता येते, हे भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधाने दाखवून दिले. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि विटाळ किंवा रोटीव्यवहार यांना कारणाचे नव्हे, तर परिणामाचे स्थान दिले. केतकरांनी सांगितलेली आंतरविवाहबंदी आणि जन्माधिष्ठित सभासदत्व ही दोन लक्षणे स्वतंत्र नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी उलगडले. मूळ कारण म्हणून त्यांनी जातीअंतर्गत विवाहाची सक्ती पुढे ठेवली आणि तिच्यातून एक निष्कर्षसाखळी काढली: विवाह जातीच्या आतच व्हायचे तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे, नवरा मेल्यास स्त्री आणि बायको मेल्यास पुरुष अतिरिक्त ठरतो, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही प्रथा हा तोल सांभाळण्याच्या युक्त्या आहेत. वेगवेगळ्या वाटणाऱ्या या क्रूर चालींना एका यंत्रणेत बसवणारे हे स्पष्टीकरण आहे, आणि या प्रथा वरिष्ठ जातींत कडक व त्यांच्यापासून जसजसे दूर जावे तसतशा सैल का आढळतात, याचेही उत्तर ते अनुकरणाच्या तत्त्वाने देते.

अशा विवेचनावर नेहमीचा प्रत्याक्षेप असा असतो की ते कधीच खोटे ठरू शकत नाही, म्हणून ते शास्त्र नव्हे. हा प्रत्याक्षेप टिकत नाही. विवाहबंधन कडक असूनही त्या प्रथांचा मागमूस नसलेल्या जाती मोठ्या संख्येने आढळल्या, किंवा अंतरानुसार प्रथा सैल होत गेलेल्या दिसल्या नाहीत, तर आंबेडकरांची मांडणी अडचणीत येईल. तिच्यात चुकण्याचा धोका पत्करलेला आहे, आणि शास्त्रीयतेची कसोटी तीच असते. शिवाय कारणाचे निदान झाल्यामुळे उपायाची दिशाही ठरते: १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहाला जे स्थान मिळाले ते या निदानाशी सुसंगत आहे. असा उपाय काढून देणारी चाचणी कोणती, हे उतरंडीच्या समर्थकांनी सांगावे.

एका गावाच्या अभ्यासावर 'एकाच ठिकाणचे निरीक्षण' म्हणून शिक्का मारणाऱ्यांनी हॅरॉल्ड मान यांचे काम आठवावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला आणि जुन्या दप्तरांतील नोंदींच्या आधारे दाखवले की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. तुलनेसाठी नियंत्रण-गट नव्हता आणि चिठ्ठीही नव्हती. पण शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या आळसावर किंवा उधळपट्टीवर फोडणाऱ्या सरकारी समजुतीसमोर या एका गावाने जमिनीच्या तुकड्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास ठेवला. दोन वर्षे चालणाऱ्या कोणत्याही चाचणीला हा काळ दिसणे शक्य नाही, आणि सामाजिक बदल बहुधा याच गतीने होतात.

उतरंडीचा शेवटचा दुष्परिणाम प्रश्नांच्या निवडीवर होतो. जे चिठ्ठीने वाटता येते तेच तपासले जाते, म्हणून डाळ, कॅमेरा, स्मरणपत्र, बक्षीस असे छोटे उपाय पुढे येतात आणि जमिनीची मालकी, मजुरीचे दर, जातीची सत्ता, अधिकाऱ्यांची जबाबदारी हे विषय 'पुरावा नाही' या सबबीखाली बाजूला पडतात. पुरावा नाही असे म्हणताना चाचणी नाही एवढेच अभिप्रेत असते, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच ठाऊक नाही असा अर्थ पोहोचतो. यात सोय कोणाची होते हे उघड आहे: गरिबाचे वर्तन बदलण्याजोगे मानले जाते, आणि त्याच्यावर सत्ता चालवणाऱ्याचे वर्तन परिस्थितीचा भाग म्हणून सोडून दिले जाते. उदयपूरच्या डाळीने १८ चे ३९ टक्के केले हे खरे, परंतु उरलेली ६१ टक्के बालके पूर्ण लसीकरणाविनाच राहिली, आणि त्यांच्यापर्यंत सरकारी यंत्रणा का पोहोचत नाही, हा प्रश्न डाळीचे प्रमाण बदलून सुटणारा नाही.

यावर असे विचारले जाईल की उतरंड काढून टाकल्यावर भोंदू अभ्यासाला रोखणार कोण? रोखणारी शिस्त प्रत्येक पद्धतीत तिची तिची असते. दप्तरातील नोंद कोणी, कशासाठी केली हे इतिहासकाराने तपासावे लागते. लोकांत राहून निरीक्षण करणाऱ्याने आपल्या मताच्या विरुद्ध जाणाऱ्या घटना मुद्दाम शोधाव्या लागतात. सिद्धांत मांडणाऱ्याने तो कोणत्या परिस्थितीत मोडेल हे आधी सांगावे लागते. आणि चाचणी करणाऱ्यानेही उपाय कोणाच्या हातून, कोणत्या सत्तासंबंधांत राबवला गेला याचा हिशोब द्यावा लागतो. या अटी पाळणारा गावाचा अभ्यास त्या न पाळणाऱ्या चाचणीपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, आणि याउलटही तितकेच खरे आहे. म्हणून एखादा पुरावा कोणत्या पायरीवर बसतो यापेक्षा तो कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो आणि ते देताना कोणता धोका पत्करतो, हे विचारले गेले पाहिजे. सरकारी विभागांनी आणि अनुदान देणाऱ्या संस्थांनी चाचणी मंजूर करण्यापूर्वी त्या संस्थेचा, गावाचा वा कार्यालयाचा अभ्यास मागावा, आणि योजनेचा विस्तार करण्यापूर्वी ती कशामुळे चालली याचे स्पष्टीकरण मागावे, हा त्यातून निघणारा व्यवहार्य आग्रह आहे.

उरतो एक तार्किक मुद्दा, आणि तो निर्णायक आहे. 'चाचणीने सिद्ध झालेले ज्ञानच खरे' हे विधान स्वतः कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही आणि होऊही शकत नाही. त्याचे समर्थन करू पाहणाऱ्याला निवडदोषाचा युक्तिवाद करावा लागतो, वैद्यकशास्त्राचा इतिहास सांगावा लागतो, फसलेल्या योजनांची उदाहरणे द्यावी लागतात आणि वाचकाच्या विवेकाला आवाहन करावे लागते. म्हणजे उतरंडीचा माथा राखण्यासाठी तिच्या तळाशी लोटलेल्या सर्व साधनांचाच आधार घ्यावा लागतो. आणि ज्या साधनांवर चाचणीचे श्रेष्ठत्व पटवून देण्याइतका भरवसा ठेवता येतो, त्यांना समाजाविषयी बोलण्याचा अधिकार नाकारण्याचे कोणतेही सुसंगत कारण मग शिल्लक राहत नाही.